हॉलमध्ये चार्जिंगची एकच जागा: १०० वॅटचा चार्जर बरेच महिने वापरल्यावर

दिवाळीच्या सुमारास आम्ही हॉलसाठी चार पोर्टचा १०० वॅटचा गॅन चार्जर (आकाराने लहान असणारा नवा प्रकार, त्याबद्दल पुढे) घेतला. आता पाऊस सुरू झालाय, म्हणजे थंडी, कडक ऊन आणि वारंवार लाइट जाण्याचे दिवस असं सगळं त्याच्या वाट्याला येऊन गेलं. घेण्याआधी मी जे रिव्ह्यू वाचले ते बहुतेक खोकं उघडल्या दिवशीच लिहिलेले होते. वॅट किती, वजन किती, आत काय काय निघालं. घरातली सगळी माणसं तो रोज वापरायला लागली की काय होतं, हे कुठे सापडलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घर सांगते, कारण घर कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. नाशिकमधला टू बीएचके, माणसं पाच. हॉलमध्ये सोफा, त्याला काटकोनात दिवाण, समोर टीव्ही. सासूबाई रात्री दिवाणावरच झोपतात. घरून काम असतं तेव्हा माझा लॅपटॉप सोफ्याच्या कोपऱ्यात असतो, मुलगी खाली सतरंजीवर टॅब घेऊन क्लासचे व्हिडिओ बघते. चार्जिंगला लागणाऱ्या वस्तू: ६५ वॅट मागणारा माझा लॅपटॉप, माझा सॅमसंग, नवऱ्याचा आयफोन १५, मुलीचा टॅब, सासऱ्यांचा बटणांचा फोन, सासूबाईंच्या श्रवणयंत्राची डबी, इअरबड्स, ट्रिमर आणि एक टॉर्च.

बिल्डरने हॉलमध्ये दोन बोर्ड दिलेत, एक दाराशी आणि एक टीव्हीच्या मागे. जिथे माणसं बसतात तिथे एकही नाही. बहुतेक फ्लॅटमध्ये हेच बघितलंय. त्यामुळे एक फोन टीव्ही युनिटवर, एक फ्रिजवर, आणि एक हमखास स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिक्सरच्या पिनेच्या जागी. ओट्यावर, सिंकच्या शेजारी फोन चार्जिंगला लावणं मला मुळीच पटत नाही. शिवाय आलेला फोन घ्यायला सासऱ्यांना गुडघे धरून उठावं लागायचं आणि चार्जिंग चालू असताना तिथेच उभं राहून बोलावं लागायचं.

एवढ्या वापरानंतर माझं ठाम मत झालंय: आधी जागा ठरवा, मग केबल घ्या, आणि सगळ्यात शेवटी चार्जर. जाहिरातीत वॅटचा आकडा सगळ्यात मोठा छापलेला असतो, पण रोजच्या सोयीत त्याचा वाटा सगळ्यात लहान आहे.

आमच्याकडे जागा ठरली सोफा आणि दिवाणाच्या मधला कोपरा. तिथे एक छोटा दोन कप्प्यांचा टीपॉय आहे. दाराजवळच्या बोर्डावरून वायरमनला बोलावून भिंतीच्या कडेने, स्कर्टिंगच्या वरून पीव्हीसी पट्टीतून लाइन आणली आणि गुडघ्याच्या उंचीवर अर्थिंगसकट एक ६ अँपिअरचा बोर्ड बसवला. सगळ्या खर्चातला हा खर्च सगळ्यात सत्कारणी लागला. सतरंजीखालून एक्स्टेन्शनची वायर नेणं सोपं वाटतं, पण वायरवर रोज पाय पडतात, आतल्या तारा तुटतात, तिथे उष्णता धरते आणि वर कापड असल्यामुळे कुणाला दिसत नाही. फरशी पुसताना पोचारा त्याच वायरवरून फिरतो, ते वेगळंच.

चार्जर टीपॉयच्या खालच्या कप्प्यात वरच्या फळीला दुहेरी टेपने उलटा चिकटवलाय. हवा चारही बाजूंनी खेळती राहते आणि वरची फळी मोकळी राहते, चहाचे कप ठेवायला. केबलची टोकं फळीच्या कडेला चिकटवलेल्या रबरी क्लिपांत अडकवलीत, म्हणजे फोन काढला की वायर घरंगळून खाली जात नाही. हे क्लिप शंभर-दीडशे रुपयांना पाकीटभर मिळतात आणि त्यांच्याशिवाय ही व्यवस्था दोन दिवससुद्धा टिकली नसती.

सासूबाईंनी त्यात एक भर घातली, ती मला सगळ्यात आवडली. त्यांनी प्रत्येक केबलच्या टोकाशी लोकरीचा धागा गुंडाळला. लाल धागा श्रवणयंत्राच्या डबीचा, हिरवा सासऱ्यांच्या फोनचा, पिवळा नातीच्या टॅबचा. सगळ्या वायरी काळ्या, पिना बारीक, संध्याकाळी उजेड कमी. अक्षरं वाचत बसण्यापेक्षा रंग पटकन दिसतो. आता "अगं, माझी लाल कुणी नेली गं?" एवढं विचारलं की वायर जागेवर येते. सासऱ्यांचा फोन जुन्या मायक्रो यूएसबी पिनेचा आहे, ती पिन एकाच बाजूने बसते. त्यांनी तिच्या वरच्या बाजूला पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन घेतला. आता ते रात्री चष्मा नसतानाही बरोबर लावतात.

आता केबल. चार्जर चांगला असून फोन हळू चार्ज होतो, अशी तक्रार असेल तर दहापैकी बऱ्याच वेळा दोष केबलचा असतो. साधी सी टू सी केबल (दोन्ही टोकांना सी टाइपची पिन असलेली) ३ अँपिअरची असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याच्यावर जायचं तर ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या टोकात एक छोटी चिप असते. "माझ्यातून ५ अँपिअर जाऊ शकतात" हे ती चिप चार्जरला सांगते. ती नसेल तर चार्जर आपणहून ६० वर थांबतो, मग तो १०० चा असो की २०० चा. माझ्या लॅपटॉपसाठी मी १०० वॅट लिहिलेली केबल घेतली. बाकी फोनना ६० वॅटची रग्गड झाली. सॅमसंगच्या काही मॉडेलना ४५ वॅट हवं असेल तर मात्र ५ अँपिअरची केबल लागते. माझा २५ वॅटवाला आहे, त्याला गरज नाही.

लांबी हा दुसरा मुद्दा. सोफ्यावर टेकून बसून फोन वापरायचा तर एक मीटर पुरत नाही, मान वाकवून बसावं लागतं. दिवाणाच्या बाजूला मी दोन मीटरच्या केबल ठेवल्या. पण लांब आणि स्वस्त अशी केबल घेऊ नका. आतली तांब्याची तार बारीक असली की लांबीबरोबर व्होल्टेज पडतं, फोनला ते जाणवतं आणि तो आपला करंट कमी करतो. ५ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या वस्तूंना याचा त्रास जास्त. नवे फोन ९ व्होल्ट मागून घेतात, तेवढ्याच वॅटसाठी करंट कमी लागतो, म्हणून तारेतलं नुकसानही कमी होतं. विणीचं कापडी आवरण असलेल्या केबल आमच्याकडे टिकल्या. प्लॅस्टिकच्या एकीची मान पिनेपाशी फाटली, आणि ती मुलीच्या टॅबची होती, म्हणजे लोळत वापरली जाणारी.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत, ती नीट सांगते. घरात सगळं सी टाइप झालं की सी टू सी केबलवर सगळं चालेल असं वाटतं. आमचा टॉर्च आणि ट्रिमर, दोघांनाही सी टाइपचं भोक आहे, पण सी टू सी केबल लावली की दिवासुद्धा लागत नाही. वस्तू बिघडलेली नसते. सी टाइपच्या पोर्टमधून समोर कुणी आहे हे कळल्याशिवाय वीज सुटतच नाही. ते कळावं म्हणून वस्तूच्या आत दोन छोटे रेझिस्टर लागतात, आणि स्वस्त वस्तूंमध्ये काही पैसे वाचवायला ते गाळलेले असतात. जुन्या चौकोनी ए पोर्टमधून मात्र ५ व्होल्ट कायम येत असतात, त्यामुळे ए टू सी केबलने ही मंडळी लगेच चार्ज होतात. म्हणून चार्जर घेताना एक तरी ए पोर्ट असलेला घ्या. फक्त सी टाइपवाले चार्जर दिसायला छान असतात, पण आपल्याकडच्या घरात अजून अडचणीचे. नवऱ्याच्या आयफोनमुळे आमचं काम तसं सोपं झालं. १५ पासून म्हणजे २०२३ पासून ॲपलने सी टाइप दिलंय, नाहीतर त्याची आणखी एक वेगळी वायर क्लिपमध्ये अडकवावी लागली असती.

चार्जरकडे येते. गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. सिलिकॉनऐवजी हे वापरलं की आतलं सर्किट जास्त वेगाने स्विच होऊ शकतं, ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि उष्णतेत कमी वीज वाया जाते. माझ्या लॅपटॉपबरोबर आलेली जुन्या चार्जरची वीट एकट्या लॅपटॉपची होती. हा चार्जर जवळपास तेवढाच आहे आणि चार वस्तू सांभाळतो. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास पडली. केबलचे पैसे वेगळे, आणि ते सगळे मिळून चार्जरच्या निम्म्याला सहज पोचतात, हे हिशोबात धरा.

१०० वॅट हा आकडा एकाच वस्तूसाठी असतो. माझ्या चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत वाटणी छापली आहे: दोन वस्तू लावल्या तर ६५ आणि ३०. चारही पोर्ट भरले तर पहिल्याला ४५, दुसऱ्याला ३०, आणि तिसरा सी आणि ए यांत मिळून १५. हा तक्ता खरेदीच्या आधी वाचायला हवा, कारण प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. आमच्याकडे वरचा पोर्ट लॅपटॉपचा, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. ४५ वॅटवर माझा लॅपटॉप व्हिडिओ कॉल चालू असताना चार्ज होतो, फक्त हळू. दिवसा चारही पोर्ट क्वचितच भरतात. गर्दी होते ती रात्री दहानंतर, आणि तेव्हा सकाळपर्यंत वेळ असतो, त्यामुळे १५ वॅट वाट्याला आलेल्या फोनचंही काही अडत नाही.

अडतं ते दुसरीकडे. नवी वस्तू लावली किंवा काढली की चार्जर सगळ्यांची वाटणी नव्याने करतो आणि त्या वेळी सगळे पोर्ट क्षणभर बंद होतात. लॅपटॉप टिंग करतो, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो, श्रवणयंत्राच्या डबीतला दिवा विझून पुन्हा लागतो. मीटिंगमध्ये कुणी इअरबड्स लावायला आलं की हे होतंच. बॅटरीला यामुळे इजा होत नाही, पण मला त्याचा त्रास होतो. या किमतीच्या बऱ्याच चार्जरमध्ये हा प्रकार आहे. श्रवणयंत्राचा प्रश्न मी गंभीरपणे घेतला, कारण एखादी रात्र ते चार्ज झालं नाही तर सासूबाईंचा पुढचा सगळा दिवस माणसांपासून तुटल्यासारखा जातो. आता डबी सगळ्यात शेवटी, बाकीचं लावून झाल्यावर लावायची आणि दिवा स्थिर झालेला बघूनच झोपायचं, असा नियम केलाय. अशी महत्त्वाची वस्तू घरात असेल तर तिला बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये स्वतंत्र छोटा चार्जर दिलात तरी उत्तम.

भाचा सुट्टीत आला होता. त्याच्या फोनबरोबर कंपनीचा ८० वॅटचा चार्जर येतो, त्यात फोन अर्ध्या-पाऊण तासात भरतो. आमच्या १०० वॅटवर त्याला बराच जास्त वेळ लागला आणि तो म्हणाला, "मामी, तुझा चार्जर खराब आहे." तसं नाही. काही कंपन्यांची फास्ट चार्जिंगची पद्धत स्वतःची असते, ती त्यांच्याच चार्जर आणि केबलवर चालते. बाकी कुठेही लावला की फोन पीडी नावाच्या सामायिक पद्धतीवर येतो आणि त्यात तो बराच कमी वेग घेतो. घरात असे फोन जास्त असतील तर महागडा सामायिक चार्जर घेऊन वेगाची अपेक्षा करू नका. सॅमसंगवाल्यांनी खोक्यावर पीपीएस (पीडीचाच व्होल्टेज बारीक टप्प्यांत बदलणारा प्रकार) लिहिलेलं बघून घ्या, त्याशिवाय २५ वॅट मिळत नाहीत.

दुसरी तक्रार झिणझिण्यांची. चार्जरबरोबर आलेली मेनची वायर दोन पिनांची आहे, तिला अर्थिंगची पिन नाही. लॅपटॉपचं अंग धातूचं. अनवाणी पाय फरशीवर टेकवून मनगट लॅपटॉपच्या कडेवर घासलं की बारीक मुंग्या येतात, मखमलीवरून हात फिरवल्यासारखं वाटतं. विजेतला गोंधळ (नॉइज) गाळायला आत एक कपॅसिटर असतो, त्यातून अतिशय थोडा करंट गळतो. अर्थिंग असेल तर तो तिकडे जातो, नसेल तर आपल्या अंगातून वाट काढतो. चांगल्या बनावटीच्या चार्जरमध्ये तो सुरक्षित मर्यादेत ठेवलेला असतो, पण घरात वयस्कर माणसं असताना असं काही जाणवणं बरं नाही. सासूबाई तर एकदा घाबरल्याच. लॅपटॉपसाठी चार्जर घेत असाल तर तीन पिनांच्या वायरीचा शोधा. पुढच्या खेपेला मी यावर तडजोड करणार नाही.

आणि त्या निळ्या दिव्याचं काय करायचं ते कंपन्यांनी एकदा ठरवावं. दिवसा दिसतसुद्धा नाही, रात्री दिवाणावर झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर येतो. मी इलेक्ट्रिशियनची काळी टेप दोन थर लावली.

उन्हाळ्याबद्दल. एप्रिलमध्ये नाशिकचं तापमान चाळिशीला टेकतं तेव्हा हॉलमध्ये दुपारी नुसत्या पंख्यात बसवत नाही. चार्जर त्या दिवसांत लॅपटॉप चालू असताना हाताला चांगला गरम लागायचा, पण बंद कधी पडला नाही. जास्त काळजी फोनच्या बॅटरीची. लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेने सगळ्यात लवकर कमी होतं, आणि ॲपल तर फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतं. म्हणून फोन उशीखाली, लोडाखाली, रजईत घालून चार्ज करायचा नाही, हे आमच्या घरात सक्तीचं केलं. रात्रभर लावायचाच असेल तर आयफोन १५ मध्ये आणि सॅमसंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय आहे, ती चालू ठेवलीय. दिवसभराला ८० पुरतात.

मध्यंतरी एक वायरलेस पॅडही आणून बघितला. टीपॉयवर ठेवला की दिसायला देखणा. पण वायरलेसमध्ये वीज जास्त वाया जाते आणि ती उष्णता थेट फोनच्या पाठीला लागते. मे महिन्यात फोन इतका तापायचा की मध्येच चार्जिंग थांबवायचा. जागेवरून जरा सरकला तरी सकाळी फोन तसाच रिकामा. शिवाय फोन वापरत वापरत चार्ज करायचा तर पॅड कामाचा नाही, आणि हॉलमध्ये नेमकं तेच हवं असतं. तो आता बेडरूममध्ये थंडीची वाट बघतोय.

सासऱ्यांची सुरुवातीपासूनची शंका विजेच्या बिलाची, "दिवसभर ते चालू असतं, मीटर पळत असेल." त्यांच्यासाठी हिशोब मांडला. ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची. वाया जाणारं धरून २५ धरा. म्हणजे १ युनिटमध्ये फोन ४० वेळा पूर्ण भरतो. युनिटला १० रुपये धरले तरी एका वेळचे २५ पैसे. काही न लावता चार्जर नुसता बोर्डाला राहिला आणि पाव वॅट खात असला, तरी महिन्याला ०.१८ युनिट. आता ते बटण बंद करायला उठत नाहीत. मात्र वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की मी स्वतः उठून पिन काढून ठेवते. सर्ज प्रोटेक्टर (लाइनमध्ये अचानक वाढलेलं व्होल्टेज अडवणारं उपकरण) लहानसहान झटके पेलतो, जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचा भरवसा नाही.

लाइट गेल्यावर हा बोर्ड इन्व्हर्टरवर यावा, हेही वायरमनला आधीच सांगितलं होतं. वायफायचा राउटरही त्यावरच आहे. चार्जरने पूर्ण १०० वॅट ओढले तरी ते अर्ध्या अँपिअरच्या आत-बाहेर असतं, त्याचा भार काहीच नाही. त्या बोर्डावर इस्त्री मात्र कुणी लावायची नाही, आणि गणपतीत सजावटीच्या माळा लावायच्या तर त्या दाराजवळच्या बोर्डावर.

नणंदेचा दीड वर्षाचा मुलगा येतो तेव्हा केबलची टोकं तोंडात घालतो. सी पोर्टला लावलेल्या सी टू सी केबलच्या मोकळ्या टोकात वीज नसते, हे वर लिहिलंच. पण मायक्रो यूएसबीची वायर ए पोर्टला लावलेली असल्यामुळे तिच्यात ५ व्होल्ट असतात. झटका बसण्याइतके ते नाहीत, पण लाळेने पिना गंजतात आणि वायर बाद होते. तो असला की हिरवी वायर काढून वर ठेवतो.

घेताना चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर ने सुरू होणारा आठ आकडी नंबर बघा. बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव आणि वस्तू दिसते. रस्त्यावर दोनशे रुपयांत ६५ वॅट लिहून मिळणारे चार्जर मी घरात येऊ देत नाही. २३० व्होल्ट आणि आपला हात यांच्यामध्ये त्यांच्यात काय आहे, ते कुणालाच माहीत नसतं.

आता वर्षअखेरीस रंगकाम काढायचंय. तेव्हा पट्टीतली लाइन भिंतीत घालून घेणार आणि दिवाणाच्या दुसऱ्या बाजूलाही असाच एक बोर्ड करणार. वायरमन म्हणाला, "ताई, त्यातच यूएसबीवाला सॉकेट टाकू का, चार्जर लागणारच नाही." मी नको म्हटलं. दुकानात सर्रास मिळणारे तसले सॉकेट ५ व्होल्टवर दोन-सव्वादोन अँपिअर देतात, तेही दोन पोर्ट मिळून. लॅपटॉप त्यावर चालत नाही, आणि पद्धत बदलली की भिंत उघडावी लागते. साधे ६ अँपिअरचे दोन सॉकेट, अर्थिंग नीट केलेलं आणि इन्व्हर्टरची लाइन, एवढंच त्याला लिहून दिलंय.